नाच बसवणे आणि नाच शिकवणे

डिसेंबर उजाडला की आमच्या शाळेच्या शिक्षकखोलीत एकच प्रश्न फिरू लागतो: ‘तुमच्या वर्गाचा नाच कोण बसवतंय?’ गेली एकवीस वर्षे मी सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत गणित शिकवते, आणि लहानपणी कथकच्या मध्यमा पूर्णपर्यंतच्या परीक्षा दिल्या असल्यामुळे हा प्रश्न फिरत फिरत शेवटी माझ्यापाशीच येऊन थांबतो. त्यातल्या ‘बसवणे’ या क्रियापदाकडे मात्र माझे लक्ष फार उशिरा गेले. गणित कोणी बसवत नाही, ते शिकवतात. इतिहास शिकवतात, भूगोल शिकवतात, हल्ली संगणकही शिकवतात. नाच तेवढा बसवला जातो, म्हणजे तीन आठवड्यांत एका गाण्याच्या मापाने मुलांच्या अंगावर चढवला जातो आणि स्नेहसंमेलनाची रात्र सरली की ड्रेपरीवाल्याच्या कपड्यांबरोबर परत केला जातो. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात त्याच मुलांना विचारले की तुम्ही काय नाचलात, तर ती गाण्याचे नाव सांगतात. नाचाचे नाव त्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

नाच बसवण्याची पद्धत साधारण अशी असते. मोबाइलवरून चार गाणी वाजवून वर्गात हात वर करून मते घेतली जातात. तालुक्याच्या गावाहून एक तरुण बोलावला जातो, जो एका नाचाचे ठरावीक पैसे घेतो आणि एका दिवसात तीन शाळा करतो. तो मुलांकडे पाठ करून उभा राहतो, ‘फाइव्ह, सिक्स, सेव्हन, एट’ म्हणतो आणि मुले त्याच्या पाठीकडे बघून हात-पाय हलवतात. त्याचा मला राग नाही; त्याला जेवढे दिवस दिले जातात तेवढ्यात दुसरे काही होणे शक्यही नसते. ज्या मुली बाहेर क्लासला जातात त्या आपसूक पुढच्या रांगेत येतात, ज्यांना जमत नाही त्या तिसऱ्या रांगेत जातात, आणि तिसऱ्या रांगेसाठी एक खास पदन्यास राखून ठेवलेला असतो: दोन्ही हात वर करून डावीकडे-उजवीकडे डोलणे. काही वर्षांपूर्वी सातवीतल्या एका मुलीला मी स्वतः त्या रांगेत उभे केले होते. ‘बाई, मी मागे का?’ असे तिने विचारले तेव्हा मी ‘तुझी उंची जास्त आहे गं’ असे सांगून मोकळी झाले. तिची उंची जास्त नव्हती. ते मला ठाऊक होते, तिलाही ठाऊक होते, आणि त्यानंतर तिने नाचात नाव दिले नाही.

‘नाचता येईना, अंगण वाकडे’ ही म्हण आपण आळशी माणसाची सबब म्हणून वापरतो, पण ती म्हण ज्या काळात घडली त्या काळाविषयीही ती काही सांगून जाते. त्या काळी नाच अंगणात होत असे आणि तो सगळ्यांना यावा अशी अपेक्षा असे, म्हणून तर न येणाऱ्याला सबब शोधावी लागे. आज नाचता न येणाऱ्याला सबब लागत नाही, तो खुर्चीवर बसतो आणि टाळ्या वाजवतो. नामदेव महाराजांनी कीर्तनाच्या रंगात नाचणे आणि जगात ज्ञानाचा दिवा लावणे या दोन गोष्टी एकाच दमात म्हटल्या. वारीत पाऊल खेळणाऱ्या वारकऱ्याला आपण कसे दिसतो याची फिकीर नसते, कारण तेथे बघणारा वेगळा आणि नाचणारा वेगळा असा भेदच नसतो. भोंडल्याच्या फेराला प्रेक्षक नसतात. मंगळागौरीची रात्र ही तर जागवण्यासाठीच असते, आणि झिम्मा, पिंगा, कोंबडा, बसफुगडी अशा खेळांमध्ये साठीची आजी आणि नवविवाहिता यांच्यात पहिली-तिसरी रांग लावण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. (आता मंगळागौरीचे खेळ करून दाखवणारे व्यावसायिक गट निघाले आहेत आणि घरातल्या बायका सोफ्यावर बसून ते बघतात. त्या गटांमुळे कित्येक गृहिणींना चार पैसे आणि घराबाहेरचे एक जग मिळाले, हे मला मान्य आहे. तरी सोफा डोळ्यांना खुपतो.)

यातली साधी फुगडी घ्या. दोघींनी समोरासमोर उभे राहून हातांची फुली करायची, चवडे एकमेकींच्या चवड्यांना टेकवायचे आणि अंग मागे टाकायचे. मागे टाकले नाही तर फुगडी फिरतच नाही, आणि समोरचीने हात सोडला तर आपण थेट जमिनीवर जाणार हे पक्के असते. जिचे वजन जास्त आहे तिने किती झुकायचे आणि जी बारीक आहे तिने किती, हे कोणी शिकवत नाही. तिसऱ्या-चौथ्या गिरकीला चार हात ते आपापसांत ठरवून टाकतात. मी गणिताबरोबर विज्ञानाचेही तास घेतले आहेत, आणि वर्तुळाकार गतीचा धडा फळ्यावर समजावताना माझी जेवढी दमछाक होते तेवढी दोन मुलींना वर्गाबाहेर नेऊन फुगडी घालायला लावल्यावर होत नाही. गोव्यात फुगडीची परंपरा आपल्याकडच्यापेक्षा पुष्कळ समृद्ध आहे, आणि पौषातल्या रात्री मांडावर रंगणाऱ्या धालोंमध्ये बायका दोन ओळींत समोरासमोर उभ्या राहून गात, वाकत, पुढेमागे होत नाचतात. त्या दोन ओळी एकमेकींकडे तोंड करून असतात, बघणाऱ्याकडे नव्हे. मुलांकडे पाठ करून शिकवणारा तरुण आणि प्रेक्षकांकडे तोंड करून नाचणारी मुले हे आमच्या संमेलनाचे चित्र त्याच्या शेजारी ठेवून बघावे.

गोफ हा आणखी एक प्रकार, जो शिमग्यात गोव्यात आणि कोकणात दिसतो आणि आपल्याकडच्या काही शाळांतूनही अधूनमधून बसवला जातो. वर टांगलेल्या रंगीत दोऱ्यांची टोके हातात धरून मुले एकमेकांच्या आतून-बाहेरून जात नाचतात, त्यातून वेणी विणली जाते, आणि मग तीच पावले उलट्या क्रमाने टाकत ती वेणी उसवायची असते. एकाने आत जाण्याऐवजी बाहेरून पाऊल टाकले तरी विणताना ते लक्षात येत नाही; उसवताना दोरी अडकते आणि मग सगळे थांबतात. चूक कोणाची हे दोरीच सांगते, बाईंना ओरडावे लागत नाही. क्रिया, तिची उलट क्रिया आणि क्रमाचे महत्त्व हे सारे त्यात आहे, पण मला त्याहून मोलाचे वाटते ते हे की गोफाला तिसरी रांग नसते. प्रत्येकाच्या हातात एक दोरी असते आणि एकही दोरी शोभेची नसते.

तारपा नाचाची गोष्ट तर आमच्या शिक्षणव्यवस्थेचा नमुना म्हणून सांगण्यासारखी आहे. पालघर जिल्ह्यातल्या वारली पाड्यांवर नवे पीक हाती येण्याच्या सुमारास भोपळा, बांबू आणि ताडाचे पान यांपासून बनवलेला तारपा वाजू लागतो, वाजवणारा मध्ये असतो, आणि एकमेकांच्या कमरेत हात गुंफलेली बायका-पुरुषांची साखळी त्याच्याभोवती फिरत राहते. वाजवणारा सूर बदलतो तशी पावले बदलतात. जिव्या सोमा म्हसे यांच्यासारख्या चित्रकारांमुळे वारली चित्रकला जगभर गेली, आणि त्या चित्रांतला तारप्याभोवतीचा शंखाकृती फेर आता आपल्या प्रत्येक शाळेच्या कुंपणभिंतीवर पांढऱ्या रंगात रंगवलेला असतो. चित्रकलेच्या तासाला मुले त्रिकोणाला त्रिकोण जोडून ती माणसे काढतात आणि त्याला गुण मिळतात. त्या माणसांचे हात असे का गुंफलेले आहेत आणि ती कशाभोवती फिरत आहेत हे शरीराने करून बघण्याचा तास मात्र वेळापत्रकात नाही. नाचाचे चित्र काढणे हा अभ्यास आहे आणि नाचणे हा टाइमपास आहे, असे आपण मुलांना न बोलता शिकवत असतो.

कागदावर तसे नाही, हेही सांगितले पाहिजे. आपल्या राज्याच्या कलाशिक्षणाच्या अभ्यासक्रमात चित्र आणि शिल्प यांच्या शेजारी गायन, वादन, नृत्य आणि नाट्य यांचीही नावे आहेत. 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने संगीत, नृत्य, नाट्य आणि दृश्यकला यांना शालेय शिक्षणाचा भाग मानले. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तर कलेच्या अंगाने इतर विषय शिकवण्याची भाषा आहे. प्रत्यक्षात कलाशिक्षक म्हणजे चित्रकलेचे शिक्षक, आणि वार्षिक परीक्षा जवळ आल्यावर त्यांचाही तास गणितवाले मागून घेतात. गणितवाले म्हणजे मीच. आजवर किती तास मागून घेतले याची मोजदाद मी ठेवलेली नाही.

कागद आणि वर्ग यांच्यामधली ही दरी केवळ वेळापत्रकाची नाही. नाचाकडे बघण्याची आपली नजर दुटप्पी आहे, आणि या मुलखात राहून ते न दिसणे अवघड आहे. आमच्यापासून जवळच असलेल्या वाईत यमुनाबाई वाईकर राहत असत. बैठकीच्या लावणीत त्या बसल्या जागी एकच ओळ पुन्हा पुन्हा गात आणि प्रत्येक वेळी हाताच्या आणि डोळ्यांच्या अदेने तिचा निराळा अर्थ उलगडून दाखवत. साहित्याच्या तासाला आम्ही ज्याला रसग्रहण म्हणतो ते याहून वेगळे काय असते? त्यांना 2012 साली पद्मश्री मिळाली तेव्हा त्यांनी नव्वदी ओलांडलेली होती. तमाशा गाजवणाऱ्या विठाबाई नारायणगावकर यांना राष्ट्रपतिपदक मिळाले, पण त्यांचे अखेरचे दिवस हलाखीत गेले. ज्या समाजांतल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या ही कला जगवली त्यांच्या मुलींना ‘नाचणारीची पोर’ म्हणून शाळेत चिडवले जात होते आणि आजही जात नाही असे छातीठोकपणे मला म्हणता येणार नाही. त्याच शाळेच्या संमेलनात चौथीतल्या मुलींना नऊवारी नेसवून, लिपस्टिक लावून, सिनेमातल्या लावणीवर डोळे मारायला शिकवले जाते, आणि आईबाप शिट्ट्या मारतात. लावणी मुलांना शिकवू नये असे माझे मुळीच म्हणणे नाही. नववी-दहावीच्या मुलांना ढोलकीचा ठेका, छक्कड म्हणजे काय, फडाची आणि बैठकीची लावणी यांत फरक कोणता, आणि ती गाणाऱ्यांच्या वाट्याला काय आले, हे सगळे सांगावे. शाळेत आज जे चालते त्यात या स्त्रियांची अदा उसनी घेतली जाते आणि त्यांचे नाव मात्र तोंडातून निघत नाही.

दुसऱ्या टोकाला ‘शास्त्रीय’ नाच आहे, ज्याला प्रतिष्ठा आहे, क्लास आहेत आणि प्रमाणपत्रे आहेत. ही प्रतिष्ठाही फार जुनी नव्हे. कथक नर्तकी रोहिणी भाटे यांनी 1947 साली पुण्यात नृत्यभारती ही नृत्यसंस्था सुरू केली तेव्हा मध्यमवर्गीय घरातल्या मुलीने पायांत घुंगरू बांधणे ही सहज खपणारी गोष्ट नव्हती. त्यांनी नाचाला रियाजाबरोबर ग्रंथांची, कवितेची आणि विचाराची जोड दिली, आणि पुढे पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात नृत्य हा पदवीचा विषय झाला त्यामागे त्यांच्यासारख्यांची मेहनत होती. भरतनाट्यम म्हणजे तमिळ मुलखातले, आपले नव्हे, असे समजणाऱ्यांना मी नेहमी तंजावरची आठवण करून देते. तेथे मराठ्यांचे राज्य होते, दुसऱ्या सरफोजी राजांच्या दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलु हे चार भाऊ होते ज्यांनी आजच्या भरतनाट्यमच्या कार्यक्रमाचा क्रम घडवला, आणि त्याच राजाच्या नावावर नाचासाठी रचलेली निरूपणे मराठीत आहेत. मुंबईचे गुरू पार्वतीकुमार यांनी ती हस्तलिखिते अभ्यासून पुन्हा रंगमंचावर आणली आणि त्यांच्या शिष्या सुचेता भिडे-चापेकर यांनी ती नाचून दाखवली. दक्षिणेत राहून मराठीत नाचाची पदे रचणारा राजा आपल्या इतिहासाच्या तासाला भेटत नाही. भेटला असता तर भाषा, प्रांत आणि कला यांच्या सीमांविषयीचे आपल्या मुलांचे आडाखे थोडे सैल झाले असते.

आता माझ्या विषयाकडे येते. चारेक वर्षांपूर्वी आठवीच्या वर्गात समीकरणे शिकवताना मी प्रथमच कथकचा आधार घेतला. तीनतालाच्या सोळा मात्रा बोटांवर मोजायला लावल्या, पहिल्या मात्रेला सम म्हणतात हे सांगितले, आणि तिहाई म्हणजे एकच तुकडा तीनदा म्हणून तिसऱ्याचा शेवट बरोबर समेवर आणायचा, एवढीच अट घातली. गिनतीच्या तिहाया कथकमध्ये असतातच, त्यामुळे बोल पाठ करण्याची गरज नव्हती. ‘एक दोन तीन चार पाच’ म्हणा, एक मात्रा गप्प राहा, पुन्हा पाच म्हणा, पुन्हा एक मात्रा गप्प, पुन्हा पाच. पाच, एक, पाच, एक, पाच मिळून सतरा झाले. समेपासून सुरुवात केली तर सतरावी मात्रा म्हणजे पुढच्या आवर्तनाची सम, आणि शेवटचा ‘पाच’ नेमका तिच्यावर येतो. पहिल्यांदा सगळा वर्ग एकदम समेवर आला तेव्हा बाकांवर जो आवाज झाला तो ऐकून शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले.

मग मी विचारले की तुकडा तीनाचा असेल तर मध्ये किती थांबायचे? थोड्या खटपटीने उत्तर आले, चार. तुकडा चाराचा असेल तर? येथे वर्ग अडला, कारण सतरातून बारा गेले की पाच उरतात आणि त्यांचे दोन सारखे भाग पूर्णांकात पडत नाहीत. एकाने ‘अडीच मात्रा थांबायचे’ असे सांगितले, जे बरोबर होते, आणि ते हाताने धरायला गेल्यावर सगळा वर्ग गडगडला. मागच्या बाकावरच्या एका मुलीने मात्र वेगळाच मार्ग काढला: ‘बाई, आपण समेपासून निघायचंच कशाला? दुसऱ्या मात्रेपासून निघू, आणि दोन-दोन थांबू.’ चार, दोन, चार, दोन, चार मिळून सोळा. दुसरीपासून सोळा मोजले की सम. तिने नेमके तेच केले जे नर्तक करतो: गणित जुळत नसेल तर निघण्याची जागा बदलायची. त्या दिवशी मी घरी आले ती हवेत तरंगतच.

त्या आनंदाच्या भरात मी वर्षभर सगळ्यांना सांगत सुटले की नाचाने गणित सुधारते. शिक्षकांच्या बैठकीत बोलले, पालकसभेत बोलले, आणि लोकांनी माना डोलावल्या, कारण हा युक्तिवाद ऐकायला फार सोयीचा असतो. पुढच्याच वर्षी माझ्या वर्गात एक मुलगा आला ज्याने हा युक्तिवाद मोडीत काढला. तो गावच्या लेझीम पथकात होता. लेझमीची दांडी आणि साखळी त्याच्या हातात अशी उघडे-मिटे की हलगी जोडीला नसतानाही ठेका ऐकू यावा. पवित्रा घेताना त्याचे गुडघे जमिनीला टेकल्यासारखे दिसत आणि पुढच्याच ठोक्याला तो उभा असे. गावच्या जत्रेत त्याच्यामागे तीस मुले चालत आणि त्याच्या खांद्याच्या एका हालचालीवर वळत. हा मुलगा गणितात नापास झाला. फेरपरीक्षेतही जेमतेम पास झाला. त्याला तिहाया आवडल्या, अपूर्णांक अजिबात आवडले नाहीत, आणि एकाची गोडी दुसऱ्यात उतरली नाही.

तेव्हा माझ्या लक्षात आले की नाचाची बाजू घेताना मी नाचाला गणिताचा नोकर करून ठेवले होते. गणिताविषयी कोणी विचारत नाही की यामुळे मुलांचा नाच सुधारतो का. त्या मुलाला जे येत होते ते स्वतःतच एक ज्ञान होते: तीस जणांना न बोलता बरोबर कसे न्यायचे, दमलेल्या गड्याला मधल्या ओळीत कसे घ्यायचे, आपल्या अंगाचा भार कोठे टाकायचा. 2014 साली सांगलीत सात हजारांहून अधिक जणांनी एकत्र लेझीम खेळून विक्रम केला याचा आपल्याला अभिमान वाटतो. त्या प्रत्येकाला कधीतरी कोणीतरी ‘चार आवाज’ शिकवले असतील, आणि ते शिकवणे शाळेच्या लेखी बहुधा शारीरिक शिक्षणाच्या तासातला, स्वातंत्र्यदिनापुरता एक कोपरा असेल. रवींद्रनाथ ठाकुरांनी 1919 साली सिल्हेट येथे मणिपुरी नाच पाहिला आणि त्या नाचाचा शिक्षक शांतिनिकेतनात आणवला, तेव्हा त्यांना मुलांचे गणित सुधारायचे नव्हते. मुलांच्या अंगाला भाषा मिळावी एवढाच त्यांचा हेतू असावा, असे मला वाटते.

कथकच्या पहिल्याच दिवशी तत्कार शिकवतात: ता थेई थेई तत, आ थेई थेई तत. उजवा, डावा, उजवा, डावा. मग डावा, उजवा, डावा, उजवा. बघायला सोपे आहे, पण चौथ्या आणि पाचव्या मात्रेला लागोपाठ डावाच पाय येतो आणि प्रत्येक नवशिक्याचा तेथेच घोटाळा होतो, कारण चालण्याची सवय पायाला आळीपाळीने पडायला सांगत असते. माझ्या गुरुजींनी मला सहा महिने याहून पुढे नेले नाही. मी घरी रडले. आई म्हणाली, ‘मग सोडून दे.’ सोडले नाही, आणि एका संध्याकाळी डावा पाय न सांगता पुन्हा पडला. त्या सहा महिन्यांना कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. शिकणे असते ते असे, आणि बसवण्याच्या तीन आठवड्यांत ते मावू शकत नाही.

दहावीच्या निकालात शास्त्रीय नृत्याच्या आणि लोककलांच्या मान्यताप्राप्त शिक्षणासाठी वाढीव गुण मिळू लागल्यापासून परीक्षांना बसणाऱ्या मुलांची गर्दी वाढली आहे, हे खरे आहे, आणि क्लास चालवणाऱ्या माझ्या मैत्रिणींना त्याचा लाभही झाला आहे. मात्र त्याच मैत्रिणी सांगतात की आवश्यक तेवढ्या परीक्षा झाल्या की पुढच्या सोमवारपासून मुली येत नाहीत. मी तरी कोणत्या तोंडाने बोलू? माझा क्लास दहावी आली म्हणूनच सुटला होता, आणि तेव्हा तर गुणही मिळत नसत.

गेली दोन वर्षे मी शुक्रवारचा शेवटचा तास सातवीसाठी मागून घेते. मैदानात जायचे, स्पीकर न्यायचा नाही, गाणे आपणच म्हणायचे आणि फेर धरायचा, एवढाच नियम आहे. सुरुवातीला मुलगे कडेला उभे राहून हसत असत. त्यांच्या हातात टिपऱ्या दिल्यावर ते आले, कारण टिपरी चुकली की बोटांवर बसते आणि त्यात शौर्य आहे असे त्यांना वाटते. एका मुलाने आजोबांकडून धनगरांच्या गजी नाचाची चार पावले शिकून आणली आणि ढोल नसल्यामुळे वर्गातली कचऱ्याची बादली उपडी करून वाजवली. एकीची आजी तिला न्यायला आली असताना फुगडी बघून न राहवून म्हणाली, ‘अगं, टाचेवर काय फिरतीयस, चवड्यावर ये,’ आणि चपला काढून स्वतः रिंगणात उतरली. सगळे शुक्रवार असे रंगतात असे नाही. कधी भांडणे होतात, कधी ऊन असते, कधी कोणालाच काही करावेसे वाटत नाही आणि आम्ही झाडाखाली बसून राहतो. पोर्शन मागे पडला की हा तास पहिल्यांदा माझ्याच डोळ्यांत येतो, आणि यंदाच्या सहामाहीआधी दोन शुक्रवार मी गणिताला दिले, हेही नमूद करते.

परवा संमेलनाची बैठक झाली. सातवीच्या दोन्ही तुकड्यांसाठी मी असे सुचवले की त्यांचा नाच रंगमंचावर नको. मैदानाच्या मधोमध मोठा फेर धरू, साठच्या साठ मुले त्यात असतील, आणि ज्या पालकांना यावेसे वाटेल त्यांनी चपला काढून आत यावे. मुख्याध्यापक सरांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले, वहीत काहीतरी लिहिले, खोडले, आणि चष्मा वर सरकवत विचारले, ‘बाई, कल्पना चांगली आहे, पण मग प्रमुख पाहुण्यांना कुठे बसवायचं?’